डेसिमल आकडे पॅरामीटराइज्ड टेस्टमध्ये देताना: टप्प्याटप्प्याने

सी-शार्पमध्ये पॅरामीटराइज्ड टेस्ट (डेटाच्या अनेक ओळींवर चालणारी एकच टेस्ट) लिहिताना टेस्टच्या डोक्यावर आकडा लिहिला, तो डेसिमल आहे हे सांगायला मागे ‘एम’ लावला आणि कंपायलरने लाल रेघ ओढली. मग बहुतेक जण काय करतात? ‘एम’ काढून टाकतात. रेघ जाते, टेस्ट हिरवी (पास) होते आणि काम झालं असं वाटतं. खरी चूक इथेच होते, कारण ‘एम’ काढल्यावर तो आकडा डेसिमल (दशांश आकडे नेमके धरणारा प्रकार) राहत नाही, डबल (बऱ्याचदा फक्त जवळची किंमत धरणारा प्रकार) होतो. पैशांचा हिशेब करणारी मेथड तपासायला आपण असा आकडा वापरतो जो तो हिशेब नेमका धरूच शकत नाही.

कोड रिव्ह्यूमध्ये ही चूक मला इतक्यांदा दिसली आहे की सगळी कृती एकदा क्रमाने लिहून काढायचं ठरवलं. मुख्य भाग सी-शार्पचा आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. जावा आणि पायथन वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे. इथे अंक आणि नावं देवनागरीत छापली आहेत. कोडमध्ये ती नेहमीसारखी इंग्रजीतच टाइप करायची.

सुरू करण्याआधी

तीन गोष्टी हाताशी ठेवा.

पहिली, तुमची टेस्ट चौकट (टेस्ट चालवणारी लायब्ररी) कोणती: एनयुनिट, एक्सयुनिट की एमएसटेस्ट. तिघींचं वागणं वेगळं आहे आणि एकीचं उत्तर दुसरीला चिकटवल्यामुळेच अर्धे घोळ होतात.

दुसरी, राउंडिंगचा नियम, तोही लेखी. ‘दोन स्थळांपर्यंत राउंड करा’ हा नियम पुरा नाही. बरोबर मध्यावर आलेला आकडा कुठे जाणार, हे त्यात असायलाच हवं. डॉटनेटमध्ये (सी-शार्प ज्यावर चालते ते व्यासपीठ) मॅथ-राउंडला काही सांगितलं नाही, तर मध्यावरचा आकडा जवळच्या सम अंकाकडे जातो. म्हणजे २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. ज्याने हिशेबाचा नियम दिला त्याच्या मनात बहुधा हे नसतं.

तिसरी, कागद. अपेक्षित उत्तरं हाताने काढायची आहेत, कोड चालवून नाही.

टप्पा १: कंपायलर का अडवतो ते आधी समजून घ्या

एनयुनिटचा टेस्टकेस, एक्सयुनिटचा इनलाइनडेटा आणि एमएसटेस्टचा डेटारो हे तिन्ही ॲट्रिब्यूट आहेत, म्हणजे मेथडच्या वर चौकटी कंसात लिहायच्या खुणा. ॲट्रिब्यूटमध्ये लिहिलेली किंमत थेट असेम्ब्लीच्या (कंपाइल होऊन बनलेल्या फाइलच्या) मेटाडेटामध्ये साठवली जाते, म्हणून तिथे मोजकेच प्रकार चालतात: पूर्णांकांचे प्रकार, फ्लोट, डबल, बूल, कॅरेक्टर, स्ट्रिंग, टाइप, एनम आणि यांचे एकमितीय ॲरे. या यादीत डेसिमल नाही.

‘पण डेसिमलचा कॉन्स्ट (न बदलणारी किंमत) तर लिहिता येतो ना?’ हा प्रश्न हमखास येतो. येतो, पण ती भाषेने दिलेली सोय आहे. आतमध्ये कंपायलर त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था करतो. त्यामुळे वर डेसिमलचा कॉन्स्ट जाहीर करून तो ॲट्रिब्यूटमध्ये दिला तरी तीच सीएस०१८२ नंबरची एरर येते. या वाटेवर वेळ घालवू नका.

तपासणी: एरर सीएस०१८२ आहे ना? दुसरी असेल तर अडचण वेगळी आहे, पुढचे टप्पे तिला लागू नाहीत.

टप्पा २: ‘एम’ काढल्यावर काय होतं ते डोळ्यांनी बघा

हा टप्पा गाळू नका. डबल चालतो असं एकदा मनात बसलं की ते निघत नाही.

डेसिमल १२८ बिटांचा असतो आणि दशमान पद्धतीने २८ ते २९ अर्थपूर्ण अंक नेमके धरतो. डबल ६४ बिटांचा आणि द्विमान. ०.१ ही किंमत डबलला नेमकी साठवताच येत नाही. १.००५ लिहिलं तर प्रत्यक्षात १.००४९९९९९… साठवलं जातं.

मग टेस्ट हिरवी कशी होते? डॉटनेट डबलवरून डेसिमल बनवताना १५ अर्थपूर्ण अंकांपर्यंत राउंड करतं. त्यामुळे ०.१ परत ०.१ होतो, १.००५ परत १.००५ होतो आणि शेपटीची चूक झाकली जाते. लहान आकड्यांना हे पुरतं, म्हणून चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

आता १२३४५६७८९०१२३४.५६ हा आकडा ‘एम’ न लावता लिहा आणि डेसिमलमध्ये बदलून छापा. १२३४५६७८९०१२३४.६ मिळेल. अंक १६ होते, एक गळाला. मोठ्या रकमेवर शेवटचे अंक जपले जातात का हे तपासायला तुम्ही नेमकी हीच ओळ लिहिली असेल, तर तुमच्या मेथडपर्यंत मूळ आकडा पोचलाच नाही.

दुसरं नुकसान बारीक आहे. डेसिमल शेवटची शून्यं लक्षात ठेवतो: १२.५ आणि १२.५० तुलनेत समान ठरतात, पण छापल्यावर वेगळे दिसतात. डबलला ती शून्यं माहीतच नसतात. पावतीवर ‘१२.५०’ छापणारी मेथड तपासत असाल, तर डबलच्या वाटेने आलेला आकडा ‘१२.५’ बनूनच येतो.

टप्पा ३: पॅरामीटरचा प्रकार बदलू नका

लाल रेघ घालवायला काही जण टेस्ट मेथडचा पॅरामीटरच डबल करतात आणि आत कास्ट करतात (प्रकार बदलतात). त्याने टप्पा २ मधलं नुकसान तसंच राहतं, शिवाय ते आता कायदेशीर दिसायला लागतं. पुढचा माणूस तो कास्ट बघून ‘विचार करून केलं असेल’ म्हणतो आणि तीच पद्धत पसरते.

माझा नियम सोपा आहे आणि मी तो मोडत नाही: आकडा एकतर मजकूर म्हणून प्रवास करेल, नाहीतर डेसिमल म्हणूनच जन्माला येईल. वाटेत डबल कुठेही येणार नाही. टप्पा ५ आणि ६ या दोन वाटांचे आहेत.

टप्पा ४: डेटाच्या ओळी आधी कागदावर मांडा

कोड उघडण्याआधी ओळी तयार करा. उदाहरणाला एक मेथड घेऊ: रक्कम आणि सवलतीचा टक्का घेते, सवलत वजा करते आणि निव्वळ रक्कम दोन स्थळांपर्यंत राउंड करून देते. नियम असा की मध्यावरचा आकडा शून्यापासून दूर जाईल.

माझ्या ओळी अशा असतील (रक्कम, टक्का, अपेक्षित उत्तर):

- १००.०० | १२.५ | ८७.५०
- १९.९९ | १० | १७.९९
- ०.०५ | ५० | ०.०३
- ०.२५ | ५० | ०.१३
- ०.१५ | ५० | ०.०८
- -०.०५ | ५० | -०.०३
- १२३४५६७८९०१२३४.५६ | ० | १२३४५६७८९०१२३४.५६

०.०५ ची ओळ जवळून बघा. अर्धी सवलत म्हणजे ०.०२५. निव्वळ रक्कमही ०.०२५ आणि ती राउंड केल्यावर ०.०३. पण कोणी आधी सवलत राउंड केली (०.०३) आणि मग वजा केली, तर उत्तर येतं ०.०२. एकच ओळ, पण राउंडिंग कुठे होतं आणि कसं होतं हे दोन्ही ती पकडते. अशा ओळी शोधायला वेळ द्या. १००, २००, ३०० अशा गोल रकमांच्या वीस ओळी लिहून जे मिळत नाही ते या एका ओळीत मिळतं.

०.१५ ची ओळ मात्र फसवी आहे. ०.०७५ सम अंकाकडे गेला तरी ०.०८ आणि शून्यापासून दूर गेला तरी ०.०८. मध्यावरची एकच ओळ ठेवायची असं ठरवून नेमकी हीच उचलली, तर चुकीचा नियम बिनबोभाट पास होईल. मध्याच्या ओळी निवडताना आधीचा अंक सम असलेली एक तरी हवीच: ०.०२५ किंवा ०.१२५ सारखी.

सावधान: अपेक्षित उत्तर मेथड चालवून काढू नका आणि डेटा बनवणाऱ्या कोडमध्ये तोच हिशेब पुन्हा लिहू नका. तसं केलं तर टेस्ट फक्त एवढंच सिद्ध करते की मेथड स्वतःशी सहमत आहे.

टप्पा ५: पहिली वाट, स्ट्रिंग

ओळी थोड्या असतील आणि त्या टेस्टच्या डोक्यावरच दिसाव्यात असं वाटत असेल, तर ही वाट घ्या.

एनयुनिट: पॅरामीटर डेसिमलच ठेवा आणि टेस्टकेसमध्ये आकडा अवतरणात लिहा. चौकट स्ट्रिंगचं डेसिमल स्वतः करते, तेही कोणत्याही प्रांताच्या सेटिंगवर अवलंबून न राहता. शेवटची शून्यं टिकतात, सोळावा अंकही टिकतो. चौकट डबललाही डेसिमल करून घेते, म्हणूनच एनयुनिटवाल्यांना चूक उशिरा कळते. अवतरण चिन्हं टाकायचा कंटाळा करू नका.

एमएसटेस्ट: डेटारोमध्ये १२.५ लिहून पॅरामीटर डेसिमल ठेवला, तर कंपाइल होतं पण चालवताना पडतं: डबलचं डेसिमल करता येत नाही म्हणून. नुसते ५० लिहिले तरी पडतं. पूर्णांक देऊन डबल पॅरामीटर चालतो, मग डेसिमल का नाही, असं वाटू शकतं. रिफ्लेक्शन (चौकट ज्या यंत्रणेने टेस्ट मेथड चालवते ती) मूलभूत प्रकारांमधलं रुंदीकरण करतं, पण डेसिमल मूलभूत प्रकारांत मोडत नाही. इथे पॅरामीटर स्ट्रिंग ठेवा आणि टेस्टच्या पहिल्या ओळींत डेसिमल बनवा.

एक्सयुनिट: हेच करा. पॅरामीटर स्ट्रिंग, रूपांतर आत. चौकट स्वतः काय बदलून घेते यावर विसंबू नका.

आता रूपांतर. नुसता डेसिमल-पार्स लिहिलात तर तो मशीनच्या कल्चरनुसार (प्रांत-भाषेच्या सेटिंगनुसार) वाचतो. एका प्रकल्पात आमच्या टेस्ट सगळ्यांच्या लॅपटॉपवर हिरव्या आणि बिल्ड मशीनवर लाल होत्या. अपेक्षित उत्तराच्या जागी १२५० दिसत होतं. आम्ही दोन दिवस मेथड चाळत बसलो, मेथड निर्दोष होती. ते मशीन जर्मन सेटिंगवर होतं. तिथे टिंब हे हजारांचं विभाजक चिन्ह असतं, त्यामुळे ‘१२.५०’ चे १२५० झाले. एक्सेप्शन नाही, इशारा नाही. हजारांचं चिन्ह योग्य जागी आहे की नाही हे पार्स बघतच नाही.

म्हणून ‘डी’ अशा छोट्या नावाची एक मदतनीस मेथड एकदाच लिहा. ती स्ट्रिंग घेईल आणि डेसिमल देईल. आत दोन गोष्टी ठाम सांगा:

१. कल्चर इन्व्हेरियंट, म्हणजे कोणत्याही प्रांताशी न बांधलेलं.
२. नंबर-स्टाइल्समध्ये फक्त दशांश चिन्ह आणि आकड्याच्या सुरुवातीचं वजा-अधिक चिन्ह यांना परवानगी.

दुसरी गोष्ट लोक सोडून देतात. इन्व्हेरियंट कल्चरमध्ये स्वल्पविराम हे हजारांचं चिन्ह आहे. कोणी चुकून टिंबाऐवजी स्वल्पविराम दाबला, तर नेहमीच्या स्टाइलने ‘१२,५०’ चे १२५० होतात. परवानगी आवळली की त्याच जागी फॉरमॅटची एक्सेप्शन येते आणि चूक लगेच दिसते.

तपासणी: ‘डी’ला स्वल्पविरामवाली स्ट्रिंग देऊन बघा. पडली पाहिजे. आकडा मिळाला तर स्टाइल अजून सैल आहे.

टप्पा ६: दुसरी वाट, डेटा देणारी मेथड

ओळी जास्त असतील, तोच डेटा दोन-तीन टेस्टना लागत असेल किंवा सोबत एखादा ऑब्जेक्टही द्यायचा असेल, तर ओळी एका मेथडमध्ये किंवा प्रॉपर्टीत ठेवा. तिथे ‘एम’ लावलेला आकडा चालतो, कारण हा ॲट्रिब्यूट नसून साधा कोड आहे. एनयुनिटमध्ये टेस्टकेस-सोर्स, एक्सयुनिटमध्ये मेंबर-डेटा, एमएसटेस्टमध्ये डायनॅमिक-डेटा.

क्रम असा ठेवा:

१. डेटा देणारा सदस्य स्टॅटिक करा. हे विसरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. एक्सयुनिटमध्ये तो पब्लिकही हवा.
२. ॲट्रिब्यूटमध्ये त्याचं नाव अवतरणात न लिहिता नेमऑफने द्या. उद्या नाव बदललं तर कंपायलर सांगेल.
३. ओळींचा प्रकार कंपायलरच्या ताब्यात द्या.

तिसरा मुद्दा महत्त्वाचा. ओळ म्हणजे नुसता ऑब्जेक्टचा ॲरे असेल, तर त्यात १२.५ला ‘एम’ लावायचा राहिला तरी कंपायलर गप्प बसतो. डबल आत शिरतो आणि आपण पुन्हा टप्पा २ वर येतो. एक्सयुनिटमध्ये थिअरी-डेटा वापरा आणि तीनही जागांचा प्रकार डेसिमल सांगा. मग ‘एम’ विसरलात तर कंपाइलच होत नाही आणि नुसते ५० लिहिले तर ते आपोआप डेसिमल होतात. दोन्ही वागणुकी आपल्याला हव्या तशाच.

एनयुनिट किंवा एमएसटेस्टमध्ये तीन डेसिमल पॅरामीटर घेऊन ओळ तयार करून देणारी एक छोटी मेथड लिहा आणि प्रत्येक ओळ तिच्यातूनच बनवा. पाच मिनिटांचं काम आहे, पहारा मात्र तोच मिळतो.

सावधान: डेटाच्या मेथडमध्ये फाइल वाचणं, डेटाबेसला हात लावणं टाळा. तिथे एक्सेप्शन आली तर एक ओळ पडत नाही, अख्खा गट पडतो, आणि कुठली ओळ दोषी ते कळत नाही.

टप्पा ७: तुलना

इथवर सगळं नीट केलेले लोकही असर्टमध्ये (उत्तर ताडणाऱ्या ओळीत) घसरतात. तिथला अपेक्षित आकडासुद्धा डेसिमलच हवा. एमएसटेस्टच्या तिसऱ्या आवृत्तीआधी एका बाजूला डबल आणि दुसऱ्या बाजूला डेसिमल दिला, तर अपयशाच्या संदेशात दोन्हीकडे १२.५च दिसायचा, फक्त कंसात प्रकार वेगळे असायचे. घाईत वाचणाऱ्याला वाटतं, चौकटच बिघडली. कंसातलं वाचा.

डेसिमलच्या तुलनेत सहनशीलतेचा आकडा देऊ नका. ती सोय डबलसाठी आहे. एक्सयुनिटमध्ये किती स्थळांपर्यंत बघायचं ते सांगता येतं, पण तेव्हा तुलनेआधी दोन्ही आकडे राउंड होतात. राउंडिंग तपासणाऱ्या टेस्टमध्ये असं केलं, तर जी चूक पकडायची तीच झाकली जाते. मेथडने २.६७४ दिले काय आणि २.६७ दिले काय, टेस्ट हिरवीच.

शेवटची शून्यं तपासायची असतील तर आकड्यांची तुलना पुरत नाही. उत्तराची इन्व्हेरियंट कल्चरने स्ट्रिंग करा आणि स्ट्रिंगशी ताडा. हे वेगळ्या टेस्टमध्ये करा, किंमत आणि छपाई एकाच असर्टमध्ये गुंफू नका.

टप्पा ८: टेस्ट मुद्दाम पाडा

हिरवी टेस्ट काहीच सिद्ध करत नाही, जोपर्यंत ती लाल होते हे पाहिलेलं नाही. तीन प्रयोग करा आणि प्रत्येकानंतर कोड पूर्ववत करा.

१. मेथडमधला राउंडिंगचा नियम काढून डॉटनेटचा मूळ नियम राहू द्या. ०.०५, -०.०५ आणि ०.२५ च्या ओळी पडल्या पाहिजेत, ०.१५ ची टिकली पाहिजे.
२. मेथडच्या आतला हिशेब डबलमध्ये करून परत डेसिमल द्या. १६ अंकांची ओळ पडली पाहिजे.
३. टेस्टचं कल्चर जर्मन करा. एनयुनिटमध्ये त्यासाठी सेट-कल्चर हा ॲट्रिब्यूट आहे, इतर ठिकाणी चालू कल्चर कोडमधून बदला आणि शेवटी परत ठेवा. इथे एकही ओळ पडता कामा नये.

जावामध्ये काय बदलतं

अडचण तीच: ॲनोटेशनमध्ये बिगडेसिमल देता येत नाही. पण जेयुनिट ५ मध्ये वाट सोपी आहे. सीएसव्ही-सोर्समध्ये ओळ मजकूर म्हणून लिहा, पॅरामीटर बिगडेसिमल ठेवा, रूपांतर चौकट करते. एकच आकडा असेल तर व्हॅल्यू-सोर्समध्ये स्ट्रिंग्ज वापरा, डबल्स नाही. डबलवरून बिगडेसिमल चौकट करत नाही. स्ट्रिंगवरून बिगडेसिमल बनताना प्रांताच्या सेटिंगचा संबंध येत नाही, म्हणजे टप्पा ५ मधली जर्मन भानगड इथे नाही.

दोन खड्डे मात्र आहेत. बिगडेसिमलच्या कन्स्ट्रक्टरला डबल ०.१ दिला तर ०.१००००००००००००००००५५५… असा लांबलचक आकडा मिळतो. डॉटनेटसारखी झाकपाक नाही. आणि इक्वल्स शून्यांसकट तुलना करतो: २.० आणि २.०० त्याच्या लेखी वेगळे. फक्त किंमत बघायची असेल तर कम्पेअर-टूचं उत्तर शून्य आहे का ते तपासा.

पायथनमध्ये

पायटेस्टच्या पॅरामेट्राइझला काहीही चालतं, म्हणून कोणीही अडवत नाही. त्यामुळे जबाबदारी पूर्ण तुमची. डेसिमलच्या कंसात आकडा नेहमी अवतरणात. अवतरण राहिलं तर जावासारखीच लांब शेपूट येते.

डेसिमल दिल्यावर टेस्टच्या नावात आकडा न दिसता पॅरामीटरचं नाव आणि क्रमांक दिसतो. कोणती ओळ पडली ते शोधत बसावं लागतं. आयडीज या जागी एसटीआर हे फंक्शन द्या, आकडे नावात दिसू लागतील. आणि ॲप्रॉक्स (जवळपासची तुलना) हे फ्लोटसाठी ठेवा, पैशांच्या उत्तराला साधं समान चिन्हच हवं.

जुन्या टेस्ट बदलताना

जुन्या प्रकल्पात शेकडो ओळी डबलमध्ये असतील तर सगळ्या एकदम बदलू नका. आधी राउंडिंग, कर, व्याज आणि बेरजेच्या टेस्ट घ्या. प्रत्येक फाइलमध्ये आधी फक्त आकड्यांचा प्रकार बदला आणि चालवा. एखादी ओळ लाल झाली तर अपेक्षित उत्तर लगेच दुरुस्त करू नका. कागदावर हिशेब करा, नियम लिहून देणाऱ्याला विचारा आणि मग ठरवा की चूक टेस्टची होती की इतके दिवस मेथडचीच. नव्या ओळी, म्हणजे मध्यावरच्या आणि १६ अंकी, वेगळ्या कमिटमध्ये टाका. प्रकार बदलल्यामुळे काय पडलं आणि नव्या ओळीमुळे काय पडलं, हे मागाहून वेगळं सांगता आलं पाहिजे.